ओळीत सगळ्यांत पुढे

३ ऑगस्ट, शनिवार. दुपार.

पोर-मेलारला पोचलो. मूड उत्तम. ओदिल स्टेशनवर आली नव्हती. मी येतोय हे तिला कळवलंच नव्हतं, तेव्हा बरोबरच आहे. सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

परिस्थिती थोडक्यात अशी. बायको जूनमध्ये पंधरा दिवसांसाठी म्हणून इथे आईकडे आली. आईचा गुडघा. आता ऑगस्ट लागला. गुडघ्याला इतका वेळ लागत नाही, मी आमच्या डॉक्टरांना विचारलंय. फोन केला की ओदिल म्हणते, बघू. इतक्या वर्षांच्या संसाराचा अनुभव असा की ती बघू म्हणाली म्हणजे हो. फक्त कोणीतरी येऊन न्यायला हवं. म्हणून आलो. परतीची दोन तिकिटं काढूनच आलोय, चोवीस तारखेची. तिला खिडकीची सीट. एरवी खिडकीत मी बसतो, पण या वेळी मोठेपणा दाखवायचं ठरवलंय.

खोली मादाम केर्ब्रा या विधवा बाईंकडे घेतली. जाहिरातीत लिहिलं होतं, समुद्र दिसतो. खिडकी उघडली तर लांबपर्यंत चिखल आणि त्यात कुशीवर पडलेल्या होड्या. खाली जाऊन तक्रार केली. बाई म्हणाल्या, समुद्र बाहेर गेलाय, संध्याकाळी येईल, काही निरोप ठेवायचा आहे का. बाईंचा स्वभाव थट्टेखोर दिसतो. अंतर ठेवून राहावं.

संध्याकाळी सहा. समुद्र आला. नोंद: समुद्राची वेळ सहा. उभी हयात लिमोजच्या पाणीपुरवठा खात्यात काढली आहे. पाणी किती वाजता येतं हे एकदा कळलं की बाकी सगळं सोपं असतं.

४ ऑगस्ट, रविवार.

सासूबाईंकडे जेवायला गेलो. बोलावलं नव्हतं, पण जावयाला आमंत्रण कशाला? ओदिलने दार उघडलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आनंदाने माणसाची वाचा बसते ती अशी.

सासूबाईंसाठी आमच्याकडचं उत्तम लोणी नेलं होतं. बिनमिठाचं, बर्फाच्या पिशवीतून, जिवापाड जपून. त्यांनी जरासं चाखलं, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, जावईबापू, घरात कोणी आजारी आहे का? या ब्रिटनीच्या लोकांना लोण्यात मीठ नसलं की इस्पितळ आठवतं. इतक्या वर्षांत मी हे कसं विसरलो, असं ओदिल म्हणाली. मी म्हणालो, विसरलो नाही, सुधारणा करायला बघतोय. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. पटलं असावं.

इथेच राहू का, असं सहज विचारलं. ओदिल म्हणाली, जागा नाही. वरच्या चारही खोल्या रिकाम्या दिसल्या. बहुधा रंगकाम काढणार असतील. मला वासाचा त्रास नको म्हणून नाही म्हणाली. काळजी आहेच.

गुडघ्याबद्दल: जेवण झाल्यावर सासूबाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरची काचेची भांडी काढत होत्या.

६ ऑगस्ट. सकाळी.

खिडकीतून विचित्र दृश्य. कमरेइतक्या पाण्यात काळे रबरी सूट घातलेली माणसं एकामागे एक ओळीने चालत होती. पोहत नाहीत, खेळत नाहीत, नुसती चालतात. सगळी आपल्या वयाची. हसण्याचा आवाज इथपर्यंत येत होता. एका बाईचं हसणं फारच मोकळं होतं. मनात म्हटलं, चांगल्या घरची बाई, पण जरा जास्तच हसते. मग तिने टोपी काढली. ओदिल!

लिमोजला ती अशी हसत नाही. तिकडची हवा कोरडी आहे.

दुपारी मादाम केर्ब्रांकडे चौकशी केली. पाण्यात चालणाऱ्यांच्या या मंडळाच्या पुढारी त्याच निघाल्या. म्हणाल्या, तुमची बायको जूनपासून एकदाही चुकली नाही, आमची सगळ्यांत तयार गडी. म्हटलं, माझी बायको थंड पाण्याला घाबरते. बाई म्हणाल्या, हो, ती सांगत होती तुम्ही असं म्हणता.

संकल्प: उद्यापासून आपणही मंडळात. नवरा-बायकोचा छंद एक असावा. पाण्यातच तिला गाठायची. पाण्यातून ती जाणार कुठे?

७ ऑगस्ट.

रबरी सूट भाड्याने आणला. अंगात घालता घालता घामाघूम झालो, थंड पाण्याची काळजीच उरली नाही. चेन समोर घेऊन ऐटीत किनाऱ्यावर गेलो. चेन पाठीला घ्यायची असते. मादाम केर्ब्रांनी सगळ्यांसमोर विचारलं, मोस्यू ब्रुसार, तुम्ही येताय की जाताय? सगळे हसले. ओदिलही हसली. म्हणजे बर्फ वितळतोय.

नियम सांगितला. जो पुढे असतो तो पाणी कापतो, म्हणून तो लवकर दमतो. मागचा त्याच्या खांद्यावर थाप मारतो. थाप पडली की बाजूला व्हायचं, उभं राहायचं, सगळ्यांना जाऊ द्यायचं आणि शेपटीला जाऊन लागायचं. मग पुढचा पाणी कापतो. असं आळीपाळीने. पद्धत अगदीच ढिसाळ. आमच्या खात्यात दर दोन मिनिटांनी साहेब बदलला असता तर शहर तहानेने मेलं असतं.

मला नवीन म्हणून शेवटी ठेवलं. बत्तीस माणसं हाताखाली असलेला माणूस मी. पण धीर धरला. शेवटून ओदिलची फक्त टोपी दिसते.

८ ऑगस्ट.

सर्वांग दुखतंय. पुढे व्हायची विनंती केली. मादाम केर्ब्रा म्हणाल्या, येईल पाळी, इथे पुढे राहायचं बक्षीस नसतं. हे ज्यांना पुढे राहणं जमत नाही तेच म्हणतात.

ओदिलला एकटीला गाठून बोलायचंय, पण ती सतत कोणाबरोबर तरी असते. जूनपासून एवढी माणसं गोळा केली हिने! लिमोजला आमचं कोणाकडे जाणंयेणं नाही. मला गर्दी सोसत नाही, तेव्हा तिलाही सोसत नसणार असं मी धरून चाललो होतो.

प्लॅन तयार आहे. मादाम केर्ब्रांच्या नवऱ्याची जुनी होडी शनिवारी संध्याकाळी सहाला मागून घेतली. उतरतं ऊन, होडी, थंड कोंबडी, मी, ओदिल. बाईंनी विचारलं, शनिवारी सहाला, नक्की ना? मी म्हणालो, बाई, पाण्याच्या वेळा मला शिकवू नका. म्हणाल्या, छे, मी कोण शिकवणार.

१० ऑगस्ट, शनिवार.

पाणी रोज वेगळ्या वेळी येतं.

हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे म्हणे. मग कोणी सांगितलं का नाही? सहाला ओदिलचा हात धरून धक्क्यावर गेलो तर होडी चिखलात तिरकी पडलेली. समुद्र क्षितिजापाशी. मी घड्याळ दोनदा बघितलं.

ओदिलने बूट काढले, चिखल तुडवत गेली आणि सरळ होडीत जाऊन बसली. मीही बसलो. होडी एवढी कलली होती की मी घसरून घसरून तिच्या अंगावर जात होतो. तिने कोंबडी खाल्ली, बोटं चाटली, हसली. म्हणाली, अन्सेल्म, असा मजेदार तू लग्नाच्या आधी होतास. आणि माझ्या हातावर हात ठेवला.

हीच वेळ, हे मी ओळखलं. लगेच खिशातून नवीन टाइमटेबल काढलं. जुलैभर बसून बनवलंय. त्यात तिला रोज दुपारी अर्धा तास मोकळा ठेवलाय. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या लावल्यात, बाजाराचा रस्ता सहा मिनिटांनी कमी केलाय, सगळं समजावून सांगितलं. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये ताटल्या कशा लावाव्यात, तेही होडीत कोंबडीची हाडं मांडून दाखवलं.

तिने हात काढून घेतला. चिखलात पाय गार पडले म्हणाली. एकटीच घरी गेली.

एकंदरीत प्रगती. हात ठेवला होता हे महत्त्वाचं.

१२ ऑगस्ट.

सासूबाईंकडे गेलो. फाटक पूर्वी करकरायचं, आज गुपचूप उघडलं. कौतुक केलं तर सासूबाई म्हणाल्या, तुमचं लोणी लावलं बिजागरीला, जावईबापू, कशाला तरी उपयोगी पडलं.

ओदिल घरात नाही म्हणाल्या. स्वयंपाकघरातून रेडिओ ऐकू येत होता आणि बरोबर ओदिल गात होती. मी फाटकाशी उभा राहून ऐकलं. स्वयंपाक करताना रेडिओ लावायची तिची जुनी सवय. रिटायर झाल्यावर मी ती मोडून काढली, कारण लक्ष विचलित होऊन मीठ जास्त पडतं. तिने एका शब्दाने विरोध केला नव्हता. माझ्या मते, ज्याला विरोध नाही त्याला संमती.

जुलैत एकटा असताना मीच तो रेडिओ लावायचो. दिवसभर. कोण काय बोलतंय ते ऐकत नव्हतो. घरात आवाज असावा म्हणून. हे कुणाला सांगायचं नाही.

१३ ऑगस्ट.

झोप नाही. दिवस झपाट्याने चाललेत. तिकिटं दोनदा काढून बघितली. आहेत.

पण संधी चालून आली! परवा पंधरा ऑगस्ट, समुद्राला आशीर्वाद द्यायचा सण. पाद्री धक्क्यावरून होड्यांवर तीर्थ शिंपडतो, सगळं गाव जमतं. त्या वेळी मंडळाची ओळ किनाऱ्यापासून धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत चालत जाते. मादाम केर्ब्रांना सांगितलं, मला पुढे राहायचंय, आणि ओदिल माझ्या मागे. त्या म्हणाल्या, राहा की, सुरुवात तुम्ही करा, पण थाप पडली की बाजूला व्हायचं, लक्षात आहे ना? म्हटलं, बाई, मी मूर्ख आहे का? त्या बटाटे सोलत राहिल्या.

ओदिल मला पुढे बघेल. सगळं गाव मला पुढे बघेल. बायकोला आपल्या माणसाचा अभिमान वाटला पाहिजे, तिथेच कुठेतरी कमी पडलं असेल तर तेवढं भरून काढतो.

१५ ऑगस्ट. सकाळी.

ऊन. वारा नाही. चेन पाठीला. आज निकाल.

१५ ऑगस्ट. संध्याकाळी.

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

सुरुवात उत्कृष्ट झाली. पाणी मी असं कापलं की कोणी आजवर कापलं नसेल. मागे ओदिलचा श्वास ऐकू येत होता. धक्क्यावर माणसं, झेंडे, बँड, पांढऱ्या झग्यातला पाद्री. थोड्या वेळाने खांद्यावर थाप पडली. शाबासकी! इतक्या वर्षांत तिने अशी शाबासकी दिली नव्हती. वेग वाढवला. पुन्हा थाप, जरा जोरात. मी आणखी जोर केला. मग तर दोन्ही खांद्यांवर थापा पडल्या आणि ती अन्सेल्म, अन्सेल्म असं ओरडली. ऊर भरून आला. नियम डोक्यात होता. नव्हता असं नाही. पण आज तो मला लागू असेल असं वाटलंच नाही.

पायऱ्यांकडे जायला किनाऱ्याला धरून वळसा घ्यायचा असतो. वळसा कशाला, मी सरळ पाद्र्याच्या रोखाने गेलो. पाणी छातीला आलं. मग हनुवटीला. माणसं हात हलवत होती, मीही हात हलवला. टाळ्या वाजत होत्या. मागे माझी अख्खी ओळ आहे या विश्वासावर मी मान ताठ ठेवली होती.

मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

ओळ किनाऱ्याच्या कडेने चालली होती, सावकाश, पायऱ्यांच्या दिशेने. पुढे ओदिल होती. टाळ्या तिच्यासाठी होत्या.

मी होड्यांच्या वाटेत उभा होतो. पहिलीच होडी थांबवावी लागली, तिच्यामागे सगळ्याच थांबल्या. एका कोळ्याने आकड्याची काठी लावून मला ओढायला घेतलं, आकडा चेनच्या लोंबत्या दोरीत अडकला आणि चेन खालपर्यंत उघडली. पाद्र्याचा हात आधीच वर झाला होता, तेव्हा तीर्थ माझ्यावर पडलं. बँड थांबला नाही.

सासूबाई धक्क्यावर पहिल्या रांगेत होत्या. उभ्या राहून बघत होत्या. गुडघा ठणठणीत आहे.

१६ ऑगस्ट.

ओदिल स्वतःहून खोलीवर आली. सूप आणलं होतं. मी म्हणालो, कालचं काय झालं ते समजावून सांगतो. ती म्हणाली, आज मी सांगते, तू सूप पी.

म्हणाली, काल मी तुझ्या खांद्यावर थाप मारत होते, बाजूला हो म्हणून. तुला ती शाबासकी वाटली ना? मी हो म्हणालो. ती म्हणाली, अन्सेल्म, घरात मी वर्षानुवर्षं थापा मारतेय. तुला दर वेळी शाबासकीच वाटली. तू ऑफिसात होतास तोवर दिवसा तरी मोकळं पाणी असायचं. आता तू चोवीस तास माझ्यापुढे चालतोस आणि मला फक्त तुझी पाठ दिसते.

म्हणाली, मी येणार नाही. जूनमध्ये इकडे आले तेव्हाच परत येणार नव्हते. बोलायचा धीर होत नव्हता म्हणून आईचा गुडघा पुढे केला.

मी विचारलं, कायमचं? ती म्हणाली, हो. मी म्हणालो, तिकिटं परत होत नाहीत. माझ्या तोंडून हेच कसं निघालं देव जाणे. दुसरं काहीतरी बोलायचं होतं. ती भांडं उचलून निघून गेली.

सूप खारट होतं. पण चांगलं होतं.

१७ ऑगस्ट.

ती रागात बोलली असणार. चारेक दिवस द्यावेत. बघू.

आत्ता लिहिताना लक्षात आलं. मी बघू म्हणतोय तेव्हा त्याचा अर्थ हो असा नाहीये.

१९ ऑगस्ट.

जेवलो नाही. टाइमटेबल फाडलं, मग चिकटवायला टेप मागायला खाली गेलो. मादाम केर्ब्रांनी टेप दिली नाही, ताटात मासा वाढला. म्हणाल्या, नवरा बुडाला त्या वर्षी मी रोज त्याच्यावर चिडायचे, कारण त्याने जाताना दिवा बंद केला नव्हता. माणसाला चिडायला काहीतरी लागतं. तुम्हाला काय लागतं, मोस्यू ब्रुसार?

मला ती लागते, असं म्हणालो. आणि रडलो. परक्या बाईसमोर, माशाच्या ताटावर. खरं लिहायचं तर मला घरी जायची भीती वाटते. डब्यांवर माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या असतील. मीठ. साखर. कॉफी. हे सगळं मी कुणासाठी लिहिलं? तिला तिच्या डब्यात काय आहे हे माहीत नव्हतं का?

बाई म्हणाल्या, उद्या दुपारी पाणी चांगलं आहे, या. मी म्हणालो, कोणत्या तोंडाने? त्या म्हणाल्या, शेवटी उभे राहा, तोंड कोणाला दिसत नाही.

२२ ऑगस्ट.

तीन दिवस जातोय. शेपटीला. कोणी हसत नाही, कोणी विशेष बोलतही नाही. पहिल्या दिवशी पाळी येत येत माझ्यापर्यंत आली, मी पुढे झालो, आणि पाणी भिंतीसारखं छातीवर आलं. थाप पडायची वाट बघत होतो. पडली. बाजूला झालो. सगळे शेजारून गेले, एकेक जण. ओदिलही गेली. जाताना मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

मग मागे लागलो. मागे पाणी हलकं लागतं. पुढच्या सगळ्यांनी कापून ठेवलेलं असतं. सबंध संसार मी पुढून पाणी कापतोय असं समजत होतो. ओदिलच्या मागे चालून बघितलं तर पायांना काहीच लागत नाही. म्हणजे कापत कोण होतं?

संकल्प: आज एकही संकल्प नाही.

२३ ऑगस्ट.

सासूबाईंनी बोलावलं. खरंच बोलावलं. जेवायला नाही, फाटकाशीच. खारट लोण्याचा डबा दिला, म्हणाल्या, प्रवासात बर्फात ठेवा. मग म्हणाल्या, जावईबापू, आणि जरा थांबल्या. मग म्हणाल्या, अन्सेल्म, जेवत जा.

ओदिल दारात उभी होती. मी म्हणालो, खिडकीची सीट तुझ्यासाठी घेतली होती. ती म्हणाली, आता तू बस खिडकीत. मी म्हणालो, नाही, ती तुझीच आहे. एवढ्यावर भांडण झालं नाही. निघताना हात हातात घेतला. थंड होता, पाण्यातून आली होती.

२४ ऑगस्ट, शनिवार. गाडीत.

गाडी सुटायच्या क्षणापर्यंत फलाटावर बघत होतो. लपवायचं कुणापासून? ती येणार नाही हे माहीत होतं. तरी बघत होतो.

गाडी खच्चून भरली आहे. सुट्ट्या संपल्या, सगळं गाव परत निघालंय. खिडकीची सीट मी धरून ठेवली होती. लोण्याचा डबा ठेवला होता तिच्यावर. एका वयस्कर बाईंनी येऊन विचारलं, ही जागा कोणाची? माझ्या बायकोची, म्हणालो. त्या म्हणाल्या, येतायत का त्या? मी म्हणालो, येईलच इतक्यात. बाई बिचाऱ्या बॅग धरून तशाच उभ्या राहिल्या.

पहिलं स्टेशन गेलं. दुसरं गेलं. गाडी वळणावर हलली आणि त्यांचा तोल गेला. आधाराला त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला.

मी डबा उचलला, उठलो, बाजूला झालो आणि त्यांना आत जाऊ दिलं.

पुढच्या वळणानंतर गाडी थोडा वेळ अगदी समुद्राला लागून जाते, मग आत वळते. तेवढाच शेवटचा समुद्र. पाण्याची वेळ मी बघून ठेवली होती, आत्ता भरती आहे.

बाईंनी पडदा ओढून घेतला आणि झोपल्या.